रिकाम्या कळशीची फेरी

विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवली आहे. वाकून पाहिलं तर पाण्यावर कडुनिंबाचा पाला, एक फुटका चेंडू आणि निर्माल्याची पिशवी तरंगताना दिसते. पाणी मात्र आहे. भाचीच्या लग्नासाठी मी नागपूरला आले होते. मंगल कार्यालय आमच्या जुन्या लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, अगदी जवळ निघालं, म्हणून हळदीच्या सकाळी सगळे चहाची वाट बघत असताना मी चपला घालून बाहेर पडले. पाय आपोआप इकडे वळले असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी दोनदा रस्ता चुकले. जिथे मुरमाची सडक होती तिथे चार मजली इमारती आहेत आणि त्यांच्याखाली गाड्या उभ्या आहेत.

मैदानाची बाग झाली आहे. तिच्या कडेने सिमेंटची वाट. वाटेवर बायका पांढरे बूट घालून झपाझप चालत होत्या. कुणी जोडीने बोलत, कुणी एकटीच कानात काहीतरी घालून. मी अजून जाळीवर वाकलेलीच होते, तर त्यातली एक थांबली.

"काकू, इतक्या वाकू नका न. बसा तिकडे बाकावर."

मी बसले. हवेत कडुनिंबाच्या मोहोराचा कडवट गोड वास होता, आणि त्या वासाने मला पन्नास वर्षं मागे नेऊन सोडलं.

या लेआउटमध्ये येण्याआधी आम्ही इतवारीत राहायचो, एका बोळीत. ती बोळ मला आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला वाटायचं की मी तिला नावं ठेवते आहे. समोरच्या सोनाराच्या फुंकणीचा आवाज, किराणा दुकानातला हिंग, पोत्यातल्या लाल मिरच्यांचा ठसका, चार घरांच्या फोडण्या एकाच वेळी, आणि उन्हाळ्यात कुणाच्या तरी माठातला वाळा. मला तिथे सहा मैत्रिणी होत्या, आणि आमच्या सगळ्यांच्या लंगडीला ती एवढीशी बोळ पुरायची.

आईला ती पुरली नाही. आई काटोलकडच्या एका खेड्यातली. संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली, सकाळी उठून धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, जाऊन येणारी. लग्न करून आली ती दोन खोल्यांत. एकीमागे एक, मधे दार. एक ट्रंक उघडायची तर दुसरी आधी सरकवावी लागे. ऊन आमच्याकडे फक्त थंडीत यायचं, तेही अकराच्या सुमाराला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, ओंजळभर.

नेमकं कधीपासून ते मला सांगता येणार नाही. आधी ती दारात बसायची, मग दाराच्या आत, मग भिंतीला टेकून, आणि मी दहा वर्षांची झाले तोवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. चार पायऱ्या चढली की छातीला हात लावून थांबायची. स्वयंपाक व्हायचा, पण तिच्या हातून काहीतरी निसटल्यासारखा. वरणात कधी मीठ दोनदा, कधी नाहीच. केस मी माझे मीच विंचरायला शिकले.

बाबा सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. वरच्या साहेबांनी आखलेले लेआउट ते काळ्या शाईने ट्रेसिंग कापडावर उतरवायचे. त्यांच्या शर्टाला कायम अमोनियाचा वास असे, नकाशाच्या प्रती काढायच्या यंत्राचा. रविवारी ते एखादा रद्द झालेला कागद घरी आणायचे आणि मला दाखवायचे.

"हे रस्ते. हे प्लॉट. आणि हे हिरवं पाहिलं? इथे काही बांधायचं नाही."

"मग काय करायचं?"

"काहीच नाही. मोकळं ठेवायचं."

आमच्या घरात तो कागद पूर्ण पसरायला जागा नव्हती. मी एक टोक धरून दारात उभी राहायची.

शेवटी बाबा आईला सायकलरिक्षाने धंतोलीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही मधे कोंबून बसले होते. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला, नाडी पाहिली, आणि मग खुर्ची सरकवून आईसमोर बसले.

"दिवसभरात कुठे कुठे जाता?"

"कुठे नाही," आई म्हणाली.

"घरात ऊन कुठे येतं?"

आईने बराच विचार केला. "तिसऱ्या पायरीवर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबांना म्हणाले, "फोटो साफ आहे. टॉनिक लिहून देतो. पण यांना ऊन पाहिजे, चालणं पाहिजे, बोलायला चार माणसं पाहिजेत. यातलं काही औषधाच्या दुकानात मिळत नाही." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"लेआउटचे नकाशे काढतो," बाबा म्हणाले.

डॉक्टर बाबांकडे बघत राहिले. परत येताना रिक्षा महाल भागाच्या गर्दीत अडकली, सुटली, पुन्हा अडकली, तरी बाबा समोरच बघत होते.

त्या हिवाळ्यात आम्ही घर बदललं. बाबांनी आधी घर नाही पाहिलं. आधी ते हिरवं शोधलं. स्वतःच उतरवलेल्या एका नकाशात, शहराच्या पार टोकाला, एक लेआउट होतं, त्याच्या मधोमध मोठी मोकळी जागा. सायकलवर तिथे जाऊन तिच्यासमोरच्या घरातल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. सामान बंडीवर लादलं, बैल हळूहळू चालले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही पोचलो.

आईने खिडकीतून पाहिलं. मुरमाच्या सडका, प्लॉटच्या कोपऱ्यांवर पांढरे दगड, दूरदूर सात-आठ घरं, आणि बाकी सगळं आभाळ.

"इथे तर माणूसच नाही," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. तीन दिवस ती उघडली नाही. मी तर रोज रडायची. लंगडी घालायला चिक्कार जागा होती आणि एकही मैत्रीण नव्हती.

लेआउटला तेव्हा नळ नव्हता. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात जुन्या शेतातली विहीर होती, सगळे तिथून पाणी आणत. पहिले काही दिवस मी आणि बाबांनी आणलं. चौथ्या की पाचव्या सकाळी दार वाजलं. दारात एक उंच, काटक बाई, डोक्यावर दोन हंडे, हातात दोर.

"घरात कोणी हाय का वं? पाणी भरलं का तुमी?"

त्या गोदामावशी. आमच्या मागच्या घरात राहायच्या. सूतगिरणीत वीस वर्षं उभ्याने काम केलेल्या. बसून राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"माझी तब्येत बरी नाही," आई आतूनच म्हणाली. "मुलगी आणते."

"पोरगी पाणी आणते न पोरीची शाळा बुडते. असं कसं चालन? या माह्यासंगं. कळशी माह्याकडं द्या, तुमी नुसत्या चाला."

आई का उठली ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक नाही म्हणायचं बळ नव्हतं म्हणून. आमच्या दारापासून विहीर दोनशे पावलं असेल. तेवढ्यात आई तीनदा बसली. एकदा मुरमाच्या ढिगावर, दोनदा प्लॉटच्या दगडावर. गोदामावशी प्रत्येक वेळी हंडे खाली ठेवून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि जणू काही सगळेच असे थांबत-थांबत पाण्याला जातात, अशा थाटात आपल्या सुनेबद्दल बोलत राहिल्या.

विहिरीवर पाच-सहा बायका होत्या. गोदामावशी पुढे झाल्या आणि पहिली बादली त्यांनी काढली. एकदोघी मागे सरकल्या, आपापल्या घागरी थोड्या बाजूला घेतल्या. आई हे पाहत होती. मग ती उठली, गोदामावशींच्या हातातला तोच ओला दोर तिने धरला आणि म्हणाली, "मी पण ओढते."

"झेपन का तुमाले?"

"दोघी मिळून ओढू."

येताना गोदामावशी तिला म्हणाल्या, "माह्या मायले गावच्या विहिरीच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते. म्हणून मले रोज पहिली बादली पायजे. पाणी लागो का न लागो."

त्यानंतर रोज सकाळी दार वाजायचं. थंडी जाईपर्यंत आई एकदाच बसून विहिरीपर्यंत पोचायला लागली. कडुनिंब मोहरला तेव्हा तेही बसणं संपलं. ओल्या काथ्याचा वास, विहिरीतून वर येणारा गारवा, कठड्यावर घागरी टेकवल्याचा ठण्ण आवाज, आणि बायकांचं न संपणारं बोलणं. कुणाच्या मुलाला कांजिण्या, कुणाच्या नवऱ्याची बदली, कुणाची सांबारवडी तेलात फुटते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्या वड्यांचं सारण कोरडं कसं ठेवायचं हे आईने एका सकाळी विहिरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी चार घरांतून आमच्याकडे वड्या आल्या. घागरी बाजूला घेणाऱ्या बायका हळूहळू विसरल्या, की त्या कशासाठी बाजूला घ्यायच्या. एक मात्र कधीच विसरली नाही. ती आपली नंतर एकटी यायची.

दसऱ्याला गोदामावशींच्या घरी दीक्षाभूमीवर जाण्यासाठी गावोगावचे पाहुणे येत. घरात मावत नसत, मग आमच्या ओसरीवरही पथाऱ्या पडत. त्या दिवसांत आई पहाटेपासून पाणी ओढायची. तान्ह्या पोळ्याला मैदानात आम्ही मुलं लाकडी बैल सजवून उभे राहायचो आणि आई घरोघरच्या बायकांमध्ये उभी राहून कुणाचा बैल चांगला यावर वाद घालायची. मलाही तोवर चार मैत्रिणी झाल्या होत्या. रविवारी ती मला अंगणातल्या उन्हात बसवून केसांना तेल लावायची, आणि लावताना गुणगुणायची.

मग नळ आला.

रस्ते खणले गेले, पाइप पडले, आणि एका सकाळी घरोघरी तोट्या खोकल्या. आधी हवा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. बायकांनी तोट्यांना हळदकुंकू लावलं. आईनेही लावलं. विहिरीवरचा दोर कुणीतरी घरी नेला. कुणाला त्यात काही वाटलं नाही. आनंदच होता, आणि तो खराच होता. आठवड्याभराने कुणीतरी म्हणालं, सकाळी किती वेळ वाचतो.

तो वाचलेला वेळ आईने पुन्हा घरात घालवला. पहिल्यांदा मला कळलं ते वरणावरून. मीठ दोनदा पडलं होतं. मग ती दुपारची आडवी व्हायला लागली, मग सकाळचीही. खिडकी उघडी होती, ऊन आत येत होतं, पंख्याचं वारं होतं. तरीही.

बाबा एका सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते. बराच वेळ मैदानाकडे बघत होते. विहिरीकडे जाणारी पायवाट गवताने पुसत चालली होती. त्यांनी कप ठेवला आणि बनियनवरच मागच्या घरी गेले. मी त्यांच्यामागे.

"गोदाबाई, तुम्ही सकाळी पहिल्यासारख्या येत जाल का हिला बोलवायला?"

"काहून? पाणी त घरात आलं."

"पाण्यासाठी नाही," बाबा म्हणाले.

गोदामावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. "माहे बी गुडघे धरले हायेत, घरात बसून बसून," त्या म्हणाल्या. "येतो उद्या."

दुसऱ्या सकाळी दार वाजलं. आई उठून बसली. "आता कशाला जायचं?"

"विहीर पाहाले."

"विहिरीत काय पाहायचं?"

"हाय का आटली ते."

आईला हसू आलं असावं, पण तिची खरी अडचण वेगळी होती. बाईमाणसाने सकाळी सकाळी मोकळ्या हाताने हिंडायचं, तेही काही काम नसताना? लोकांनी विचारलं तर सांगायचं काय? तिने इकडेतिकडे पाहिलं, ओट्याखाली पालथी घातलेली कळशी उचलली आणि कमरेवर घेतली.

अशी ती फेरी सुरू झाली. रिकाम्या कळश्या कमरेवर घेऊन दोघी विहिरीपर्यंत जायच्या, वाकून पाणी बघायच्या, आणि रिकाम्या कळश्या घेऊन परत यायच्या. पंधरा दिवसांत पाचजणी झाल्या, मग सात. सगळ्यांच्या कमरेवर काही ना काही. एकीने तर चहाची किटली आणली होती. विहिरीपर्यंतचं अंतर बोलण्याला पुरेना, म्हणून त्या मैदानाला वळसा घालून यायला लागल्या.

एकदा सायकलवरच्या दूधवाल्याने पाय टेकवून विचारलं, "नळाले पाणी नाही का बाई आज?"

"हाय न," गोदामावशी म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय? चालून राहिलो."

दूधवाला बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी आईने कळशी घरी ठेवली.

चार पावसाळे गेले. मैदानाभोवती गवतात एक गोल पायवाट उमटली होती. कुणी आखलेली नव्हती, बायकांच्या पायांनी झालेली. आई आता कधीमधी एकटीही जायची. आणि मग एका सकाळी मैदानात विटांचे ढीग दिसले. एक माणूस फीत धरून मोजमाप घेत होता. आईने त्याला विचारलं.

"गोदाम बांधायचं आहे शेठजींना," तो म्हणाला. "जागा रिकामीच पडली हाय न बाई."

"रिकामी नाही," आई म्हणाली. "मोकळी आहे."

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते.

"मी साधा ट्रेसर. वरच्यांसमोर मी काय बोलणार?" ते म्हणाले. मग ताटातला भात चिवडत, "पण नकाशा कोणालाही बघता येतो. जाऊन मागायचा."

दोन दिवसांनी आई, गोदामावशी आणि आणखी पाचजणी बस पकडून बाबांच्या ऑफिसात गेल्या. मला सुट्टी होती, मीही गेले. लांबच लांब हॉल, उतरत्या टेबलांच्या रांगा, आणि बाबांच्या शर्टाचा तो वास सगळ्या इमारतीला. आम्ही साहेबांसमोर उभ्या राहिलो. आईचा पदर डोक्यावर होता आणि पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"लेआउटचा नकाशा बघायचा आहे," ती म्हणाली.

साहेबांनी शिपायाला सांगितलं, शिपायाने कुणाला तरी हाक मारली, आणि बगलेत गुंडाळी घेऊन बाबा आले. आम्हाला पाहून ते दारातच थबकले. मग पुढे येऊन त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, एका टोकावर दौत ठेवली, दुसऱ्यावर फूटपट्टी.

"नाव?" कारकुनाने विचारलं. आईने पूर्ण नाव सांगितलं. कारकुनाने मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबा नकाशाकडे पाहत होते.

"हा हिरवा भाग कशाचा आहे?" आईने बोट ठेवून विचारलं.

"मोकळी जागा आहे, बाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "इथे कोणालाही काही बांधता येत नाही. मंजूर नकाशात तसं स्पष्ट लिहिलं आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तक्रार लिहून द्या," ते म्हणाले.

गोदामावशींपुढे कारकुनाने शाईचा पॅड सरकवला. त्यांनी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. त्या अक्षरं गिरवीत होत्या तोवर सगळे थांबले होते.

त्या संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. आईने ताट वाढलं.

"मला बाई म्हणालात," ती म्हणाली.

"मग ऑफिसात काय म्हणणार होतो?"

आई हसायला लागली. हातातली पळी खाली ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिला असं हसताना पहिल्यांदा पाहत होते, म्हणून मला आधी भीतीच वाटली. मग बाबाही हसायला लागले.

विटा उचलायला तीन महिने लागले, पण उचलल्या. जिथे ढीग होते तिथे गवत पिवळं पडलं होतं. त्या जागी बायकांनी कडुनिंबाची रोपं लावली. त्यांतली दोन गायींनी खाल्ली, बाकीची वाढली. गोदामावशी पार सत्तरी ओलांडेपर्यंत चालत होत्या. शेवटी शेवटी काठी आली, पण वेग कमी झाला नाही.

बाकावर बसून मी एवढं आठवत होते तर कार्यालयातून फोन आला. हळद लागते आहे, कुठे आहेस? आले, म्हटलं, आणि तरी बसून राहिले. समोरून त्या मघाच्या बाईची तिसरी की चौथी चक्कर झाली. तिचा चेहरा लाल झाला होता, श्वास लागला होता. माझ्याकडे पाहून ती हसली आणि पुढे गेली.

बाबा सेवानिवृत्त झाले तेव्हा मी लग्न होऊन अमरावतीला होते. आठवड्याभराने त्यांचं अंतर्देशीय पत्र आलं, नकाशावर नावं लिहितात तशा सरळ, सुट्या अक्षरांत. घरचं सगळं खुशाल, आंब्याला मोहोर चांगला, असं लिहून झाल्यावर खाली लिहिलं होतं: "काल सकाळी तुझ्या आईबरोबर प्रथमच फिरायला गेलो. इतकी वर्षं ऑफिसच्या घाईत जमलं नाही. ती फार जोरात चालते. अर्ध्या फेरीत मला दम लागला म्हणून मी बसलो. तुझ्या आईने माझ्याजवळ थांबून पाहिलं, मग म्हणाली, तुम्ही बसा, मी येते. आणि गेली. मी तिला पार पलीकडच्या टोकापर्यंत जाताना पाहिलं. तिथे कोणीतरी भेटलं, त्यांचं बोलणं झालं, मग ती वळली. आज माझे पाय दुखत आहेत. ती म्हणते, उद्या पुन्हा जायचं. बघू."